कॅलिफोर्नियातली मैफल, म्युनिकमधली सीडी: फिल कॉलिन्स खटल्याचा अभ्यास

१९८३ साली ब्रिटिश गायक फिल कॉलिन्स यांनी कॅलिफोर्नियात एक कार्यक्रम केला. त्यांना न विचारता तो टेप झाला. पुढे ती टेप सीडीच्या रूपात जर्मनीत विक्रीला आली. सीडीचं नाव 'लाइव्ह अँड अलाइव्ह' आणि विकणारी कंपनी इमट्राट हांडेल्सगेसेलशाफ्ट. कॉलिन्स यांनी म्युनिकच्या प्रांतिक न्यायालयात दावा लावला. त्यांचं मागणं साधं होतं: ही सीडी जर्मनीत विकायला बंदी करा आणि कंपनीकडे पडून असलेल्या प्रती न्यायालयाच्या माणसाच्या ताब्यात द्यायला लावा.

कुणालाही वाटेल की हा दावा पाच मिनिटांत निकाली निघायला हवा. गाणारा माणूस समोर उभा आहे, आवाज त्याचा आहे, परवानगी दिलेली नाही हे कुणी नाकारतही नाही. तरीही तेव्हाच्या जर्मन कायद्याप्रमाणे कॉलिन्स यांच्या हातात काहीच नव्हतं. असं का होतं आणि ते कसं बदललं, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मुळातून पाहायला हवं. माझ्या मते कलावंताच्या हक्काबद्दल इतकं काही शिकवणारं दुसरं प्रकरण क्वचितच सापडेल.

आधी दोन शब्द वेगळे करू. बाजारात अधिकृतपणे आलेल्या अल्बमची चोरून नक्कल काढून विकणं म्हणजे पायरसी. जो अल्बम गायकाने कधी काढलाच नाही, जी मैफल छापायची नव्हतीच, ती टेप करून अल्बम म्हणून विकणं म्हणजे बूटलेग. पायरसीत कंपनीचा धंदा बुडतो. बूटलेगमध्ये त्याहून खासगी काहीतरी जातं. कार्यक्रमात गायक धोका पत्करतो. ताल बदलून पाहतो, एखादा सूर निसटतो, घसा बसलेला असला तरी लोकांसाठी गाऊन जातो. समोरच्या श्रोत्यांशी झालेला तो त्या संध्याकाळपुरता व्यवहार असतो. शंभर संध्याकाळींमधली कोणती जगापुढे कायमची ठेवायची, ही निवड गायकाची. कॉलिन्स यांनीही ती निवड पुढे केलीच. १९९० च्या दौऱ्यातल्या ध्वनिमुद्रणांचा अधिकृत लाइव्ह अल्बम त्याच वर्षी आला. 'लाइव्ह अँड अलाइव्ह'ने ही निवड त्यांच्या हातून काढून घेतली होती.

चार रात्री, चार उत्तरं

जर्मनीचा स्वामित्वहक्क कायदा ९ सप्टेंबर १९६५ चा. त्याच्या कलम ९६ प्रमाणे बेकायदा बनवलेल्या प्रती विकता येत नाहीत. पण प्रत बेकायदा ठरायला आधी कलावंताला जर्मनीत हक्क असायला हवा, आणि तो कुणाला आहे हे कलम १२५ सांगतं. इथेच सगळी गोम आहे. तशीच गाणी, तशीच चोरटी टेप. फक्त गाणारा किंवा गाण्याची जागा बदलून पाहू.

पहिली रात्र: एखादा जर्मन गायक कॅलिफोर्नियात गातो. टेप होते, सीडी म्युनिकला येते. जर्मन नागरिकाला त्याच्या प्रत्येक सादरीकरणासाठी संरक्षण होतं, ते जगात कुठेही झालेलं असो. विक्री बंद.

दुसरी रात्र: कॉलिन्स म्युनिकमध्येच गातात. जर्मन भूमीवर झालेल्या सादरीकरणाला परदेशी कलावंतालाही संरक्षण होतं. विक्री बंद.

तिसरी रात्र: कॉलिन्स लंडनमध्ये गातात. इथे १९६१ चा रोम करार कामाला येतो. हा करार सादरकर्ते, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि प्रसारण संस्था यांच्यासाठीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार. ब्रिटन त्यात १९६४ साली आला, जर्मनी १९६६ साली. करारातल्या एका देशात सादरीकरण झालं तर दुसऱ्या देशाने कलावंताला आपल्या माणसासारखं वागवायचं, असं तो करार सांगतो. विक्री बंद.

चौथी रात्र म्हणजे खरी रात्र. कॉलिन्स कॅलिफोर्नियात गातात. अमेरिका रोम करारात नव्हती, आजही नाही. कॉलिन्स जर्मन नाहीत आणि कार्यक्रम जर्मनीत झालेला नाही. विक्री चालू.

जर्मन कायदा कलावंताचा पासपोर्ट पाहत होता आणि रोम करार कार्यक्रमाची जागा पाहत होता. या दोन जाळ्यांच्या मधोमध जी फट राहिली, तीत परदेशी गायकाची अमेरिकेतली मैफल अलगद येऊन पडत होती. टेप करणाऱ्याचं कृत्य चारही रात्री एकच होतं. कायदा त्या कृत्याकडे बघतच नव्हता. मला या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

या फटीची माहिती व्यापाऱ्यांना व्यवस्थित होती. बॉब डिलन यांच्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न जर्मनीत आधीच वर जाऊन आला होता. १९८५ साली तिथल्या संघीय सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन गायकाला संरक्षण नाकारलं आणि १९९० साली घटनात्मक न्यायालयानेही तो भेदभाव घटनेला धरूनच असल्याचं म्हटलं. म्हणजे इमट्राटसारखी कंपनी अंधारात धंदा करत नव्हती, देशातल्या सर्वोच्च न्यायालयांनी आखून दिलेल्या रेषेच्या आत उभी होती. त्यातच सीडी आली होती. पूर्वी बूटलेग म्हणजे पांढऱ्या कोऱ्या वेष्टनातली, खरखरणारी, हातोहात विकली जाणारी तबकडी. सीडीमुळे तोच माल चकचकीत छापील वेष्टनात, अधिकृत अल्बमच्या शेजारी, त्याच दुकानात मांडता येऊ लागला. नक्कल कितीही वेळा केली तरी आवाज उतरत नव्हता. गिऱ्हाइकाला हा अल्बम गायकाचा नाही हे कळायला मार्ग उरला नाही.

एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण तो नसेल तर प्रकरण अर्धंच समजतं. गाण्याची रचना करणाऱ्याचा हक्क वेगळा आणि गाणाऱ्याचा वेगळा. रचनाकाराचं संरक्षण बर्न कराराने १८८६ पासून रुजवलेलं होतं. त्यामुळे अशा कित्येक तबकड्यांवर रचनाकारांच्या संस्थेचं मानधन भरल्याचा शिक्काही असे. गीतकार-संगीतकाराचा हिशेब चुकता, आणि ज्याच्या गळ्यातून ते गाणं त्या रात्री बाहेर पडलं त्याला काहीच म्हणता येत नाही, अशी ती अवस्था.

लखनौत जन्मलेला दुसरा गायक

कॉलिन्स यांचा दावा एकटा राहिला नाही. त्याच सुमारास जर्मनीच्या संघीय सर्वोच्च न्यायालयापुढे दुसरं प्रकरण होतं, क्लिफ रिचर्ड यांच्या ध्वनिमुद्रणांचं. १९५८ आणि १९५९ साली ब्रिटनमध्ये केलेल्या त्यांच्या सादरीकरणांच्या प्रती पात्रिसिया नावाची आयात-निर्यात कंपनी जर्मनीत विकत होती आणि त्या ध्वनिमुद्रणांचे जर्मनीतले हक्क असलेली ईएमआय इलेक्ट्रोला तिच्याविरुद्ध उभी होती. क्लिफ रिचर्ड यांचा जन्म १९४० चा, लखनौचा. १९४८ साली कुटुंब इंग्लंडला गेलं आणि पुढच्या दहा वर्षांत हा मुलगा तिथला लाडका पॉप गायक झाला.

हे प्रकरण मैफलीच्या चोरट्या टेपचं नव्हतं, पण अडचण त्याच घराण्यातली. रिचर्ड यांच्या बाबतीत जागा बरोबर होती, ब्रिटन रोम करारात होतं. चुकली होती ती वेळ. करार मागे जाऊन लागू होत नव्हता आणि १९५८ साली तो जन्मलाही नव्हता. जर्मन गायकाच्या त्याच काळातल्या ध्वनिमुद्रणाला मात्र जर्मनीत संरक्षण होतं. एकाला जागेने अडवलं, दुसऱ्याला तारखेने, आणि दोघांच्याही मुळाशी एकच कारण: पासपोर्ट जर्मन नाही.

दोन्ही जर्मन न्यायालयांनी एकच प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. युरोपीय आर्थिक समुदाय म्हणजे आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप, जर्मनी आणि ब्रिटन तेव्हा दोघंही त्यात होते. त्याच्या कराराचं कलम ७ राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करायला मनाई करत होतं. ते कलाक्षेत्रातल्या हक्कांना लागू होतं का? आणि होत असेल तर गायकाला ते थेट जर्मन न्यायालयात वापरता येईल का?

लक्झेंबर्गमधला युक्तिवाद

कंपन्यांचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. मालमत्तेची व्यवस्था हा प्रत्येक देशाचा स्वतःचा विषय आहे, करारानेच तो देशांकडे ठेवलेला आहे. स्वामित्वहक्काचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, ते अजून एका साच्यात आणलेले नाहीत. समुदायातले सगळे देश रोम करारातही नाहीत. मग एकट्या जर्मनीने सगळ्यांच्या कलावंतांना स्वतःच्या कलावंतांइतकं का द्यावं? त्या देशांनी आमच्या कलावंतांना तितकंच दिलं तर आम्हीही देऊ. परस्परता हा या युक्तिवादाचा कणा होता. गावात दोन घरांमध्ये आहेर-माहेराचा हिशेब चालतो तसा हा देशादेशांमधला हिशेब.

परस्परतेत एक न्याय आहे हे मी नाकारत नाही. आंतरराष्ट्रीय करार पुढे सरकतात ते पुष्कळदा याच जोरावर. पण या हिशेबात गायक कुठे आहे? तो कोणत्याच सरकारच्या वतीने व्यवहार करत नाही. दोन सरकारांनी एकमेकांना काय दिलं आणि काय नाही, याची किंमत त्याने आपल्या आवाजाने का चुकवायची? महाधिवक्ते, म्हणजे निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे, फ्रान्सिस जेकब्ज यांनी ३० जून १९९३ रोजी दिलेल्या मतात या मुद्द्याला थेट हात घातला. राष्ट्रीयत्वावरून भेदभाव नको हे तत्त्व त्यांच्या मते समुदायाच्या कायद्यातलं सर्वांत महत्त्वाचं तत्त्व होतं, आणि तिथे परस्परतेला जागा नव्हती.

२० ऑक्टोबर १९९३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. न्यायालयाने चोरीची व्याख्या केली नाही, मैफल म्हणजे काय यावर एक शब्द खर्च केला नाही. आधी इतकंच म्हटलं की कलावंताचे हक्क आर्थिक असतात तसे नैतिकही असतात. मग म्हटलं की हे हक्क मालाच्या आणि सेवांच्या व्यापारावर, स्पर्धेवर परिणाम करतात. व्यापार हा समुदायाचा विषय, म्हणून हे हक्कही कराराच्या कक्षेत. एकदा कक्षेत आले की कलम ७ आपोआप लागू. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत ही सबब चालणार नाही. कारण प्रश्न जर्मनी आणि ब्रिटन यांच्या कायद्यांतल्या फरकाचा नाहीच. जर्मनीच्या एकाच कायद्यात, एकाच न्यायालयात, जर्मन गायक आणि ब्रिटिश गायक यांच्यात फरक केला जातो, प्रश्न त्याचा आहे.

आणि हे तत्त्व थेट वापरता येतं, कुठल्या नव्या जर्मन कायद्याची वाट पाहावी लागत नाही. यासाठी न्यायालयाने १९८९ च्या कोवन प्रकरणाचा आधार घेतला. एका ब्रिटिश पर्यटकाला पॅरिसच्या मेट्रो स्थानकाबाहेर मारहाण झाली होती आणि फ्रेंच नागरिकांना मिळणारी भरपाई तो परदेशी म्हणून नाकारली गेली होती. ती त्याला मिळायला हवी, असा तो निकाल. रस्त्यावर मार खाल्लेला पर्यटक आणि आवाज चोरीला गेलेला गायक एकाच तत्त्वाखाली उभे राहिले, हे मला फार सुंदर वाटतं. दोघंही दुसऱ्याच्या देशात 'आमच्यातला नाही' म्हणून दाराबाहेर ठेवले गेले होते.

निकालाने काय दिलं, काय नाही

इथे पुष्कळ लोक गफलत करतात, म्हणून थोडं थांबतो. युरोपीय न्यायालयाने 'बूटलेग बेकायदा आहे' असं म्हटलेलं नाही. गायकाला कोणताही नवा हक्क दिलेला नाही. न्यायालय इतकंच म्हणालं की स्वतःच्या नागरिकांना जे देता ते समुदायातल्या इतर देशांच्या नागरिकांनाही द्या. उद्या जर्मनीने आपल्याच गायकांचं संरक्षण काढून घेतलं असतं, तर या निकालाच्या आधारे कॉलिन्स यांना काहीही मागता आलं नसतं. समतेचा हक्क हा असा असतो, ताटात जे वाढलंय ते सारखं वाढा एवढंच तो सांगतो. ताटात काय असावं हे सांगायला दुसरा कायदा लागतो.

आणि समुदायाच्या बाहेरचे? बॉब डिलन यांची अमेरिकेतली मैफल २० ऑक्टोबरलाही जर्मनीत पूर्वीसारखीच उघडी होती. 'आपल्या' लोकांचं वर्तुळ मोठं झालं होतं, वर्तुळ पुसलं गेलं नव्हतं. या निकालाचा गौरव करताना हा भाग गाळला जातो, आणि तो गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

बाकीची कामं त्यानंतर भराभर झाली. मैफल टेप करू द्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क सादरकर्त्याला देणारा युरोपीय निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, नोव्हेंबर १९९२ मध्येच निघाला होता. निकालानंतर नऊ दिवसांनी, २९ ऑक्टोबर १९९३ रोजी, हक्कांची मुदत सगळीकडे सारखी करणारा निर्देश आला. जर्मनीने १९९५ मध्ये आपल्या कायद्यात युरोपीय संघाच्या नागरिकांना जर्मन नागरिकांच्या बरोबरीला आणून बसवलं. अमेरिकन गायकाची फट बुजली ती जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या कराराने. १ जानेवारी १९९५ पासून अमलात आलेल्या त्या कराराच्या कलम १४ ने सदस्य देशांना बांधून घेतलं: सादरीकरण परवानगीशिवाय टेप करणं आणि त्या टेपच्या प्रती काढणं थांबवण्याची सोय कलावंताला हवी, आणि ती किमान ५० वर्षांसाठी. अमेरिकेत तोवर थेट कार्यक्रमाच्या टेपसाठी केंद्रीय कायदाच नव्हता, जे काही होतं ते राज्यांचं. तोही डिसेंबर १९९४ मध्ये झाला.

सगळ्याच कलावंतांना टेप करणारे नकोसे होते असं नाही. ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाने १९८४ पासून आपल्या कार्यक्रमात टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली होती. टेप करा, एकमेकांना द्या, विकू नका, असा तो रिवाज. त्यांच्या शेकडो रात्री आज ऐकता येतात त्या यामुळे. कॉलिन्स यांचा दावा आणि ग्रेटफुल डेडचा रिवाज एकमेकांविरुद्ध नाहीत. दोन्हीकडे ठरवणारा माणूस एकच आहे, गाणारा.

आपल्याकडचा रस्ता

भारताने रोम करारावर सही केली, पण मंजुरी दिलेली नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात सादरकर्त्याचा हक्क नव्हताच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयापुढे अभिनेते देव आनंद यांचा खटला आला. चित्रपटातल्या आपल्या अभिनयावर आपला स्वामित्वहक्क आहे असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कायद्यात ज्या कृती सांगितल्या आहेत, साहित्य, नाट्य, संगीत, कला, चित्रपट, त्यांपैकी कशातच अभिनेत्याचं काम बसत नाही. कायदा शब्द लिहिणाऱ्याला ओळखत होता, ते शब्द उभे करणाऱ्याला ओळखत नव्हता.

ते बदललं १९९४ च्या दुरुस्तीने, जी १० मे १९९५ पासून लागू झाली. कलम ३८ आलं, सादरकर्त्याचा हक्क आला. सादरकर्ता कोण याची यादी वाचायला मला नेहमी आवडतं: नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्याता. युरोपात पॉप गायकासाठी भांडलेली लढाई आपल्या कायद्यात येताना जत्रेतल्या गारुड्यालाही बरोबर घेऊन आली. सुरुवातीला मुदत २५ वर्षांची होती, १९९९ मध्ये ती ५० झाली. त्याच वर्षी कलम ४०अ आलं: परदेशी कलावंतांना हे संरक्षण केंद्र सरकार आदेश काढून देऊ शकतं, पण त्या देशात तशीच तरतूद असेल तर. परस्परता तिथे पुन्हा भेटते.

महाराष्ट्रात या विषयाचा खरा धागा मात्र बैठकांच्या टेपशी जुळतो. पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात, इचलकरंजीत खासगी मैफलींच्या स्पूल आणि कॅसेट जिवापाड जपणारे रसिक होते, आहेत. कित्येक गवयांचं तब्येतीने मांडलेलं गाणं व्यावसायिक तबकडीच्या चार-पाच मिनिटांत मावलंच नव्हतं. ते आज ऐकायला मिळतं ते गवयाच्या समोर, त्याच्या देखत लावलेल्या एखाद्या टेपरेकॉर्डरमुळे. कायद्याच्या कलम ३९ नेही टेप करणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी वापराला, तसंच प्रामाणिक अध्यापन आणि संशोधनाला वाट मोकळी ठेवली आहे. पण तीच कॅसेट गवयाच्या घरच्यांना न विचारता डिजिटल करून, वर कुठलंसं नाव घालून विक्रीला निघते तेव्हा तिची 'लाइव्ह अँड अलाइव्ह' होते. गवई त्या रात्री बेतलेलं गायले की बेभान, आवाज लागला होता की नाही, त्यांना हा राग या अवस्थेत मागे ठेवायचा होता की नाही, हे विचारायला कुणी गेलेलं नसतं. आपल्या संग्राहकांपैकी अनेकांनी हा विवेक कायदा यायच्या कितीतरी आधी पाळला. टेप ऐकवली, हातात दिली नाही. दिली तर विकू नकोस म्हणून बजावलं.

आता त्या कॅलिफोर्नियातल्या रात्रीकडे परत. आजच्या युरोपीय नियमाप्रमाणे सादरकर्त्याचा हक्क सादरीकरणापासून ५० वर्षं टिकतो आणि वर्षं मोजायची ती पुढच्या १ जानेवारीपासून. मधल्या काळात त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण कुणी अधिकृतपणे प्रसिद्ध केलेलं नाही असं धरलं, तर कॉलिन्स यांचा त्या गायनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०३३ रोजी संपेल. गाण्यांपैकी जी त्यांनी स्वतः रचली आहेत, त्यांच्यावरचा रचनाकाराचा हक्क तेव्हाही चालूच असेल. तो हयातीनंतर आणखी ७० वर्षं राहतो.